आवाज बसला की वाचा बसली? : किशोरांच्या मनोकायिक लक्षणांविषयी एक संवाद

संशयी : किशोरवयीन मुलांच्या मनोकायिक लक्षणांचे मूल्यमापन करताना वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांनी, म्हणजे दवाखान्यात ज्यांना सर्रास स्पीच थेरपिस्ट म्हणतात त्यांनी, मुलाच्या संस्कृतीचीही दखल घ्यावी, असा आग्रह अलीकडे धरला जातो. त्यावरचा पहिला आक्षेप असा की स्वरयंत्र सगळीकडे सारखेच असते. मन आणि शरीर यांच्या परस्परक्रियेतून निर्माण होणारे, खरोखर सोसावे लागणारे, परंतु अवयवाच्या रचनेतील बिघाडातून पुरते उलगडत नाही असे लक्षण म्हणजे मनोकायिक लक्षण. घशापुरते पाहिले तरी त्याची रूपे अनेक आहेत : घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे, गिळण्याची धास्ती बसणे, श्वास आत घेताना उघडायला हवेत ते स्वरतंतू मिटल्यामुळे दम्यासारखी घुसमट होणे, एकाएकी बोलणे अडखळू लागणे आणि सर्वांत ठळक म्हणजे कार्यात्मक आवाजलोप. या शेवटच्या प्रकारात मुलगी फक्त कुजबुजू शकते, पण खोकताना किंवा हसताना तिचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले की स्वरतंतू निरोगी दिसतात; खोकताना ते एकमेकांना नीट भिडतात आणि बोलायला सांगितले की त्यांच्यात फट राहते. ही खूण पुण्यात दिसते तशीच लंडनमध्येही दिसते. शिवाय अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने कार्यात्मक विकाराच्या निदानासाठी मानसिक आघाताचा पुरावा सापडलाच पाहिजे ही जुनी अट काढून टाकली आणि लक्षणातल्या अशा विसंगतीच्या खुणेला महत्त्व दिले. ज्या निदानाला आता ताणाचा शोधही अनिवार्य राहिलेला नाही, त्याला संस्कृतीचा शोध कशासाठी जोडायचा?

आग्रही : खोकल्यातला आवाज ही निदानाची भक्कम खूण आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ही खूण मूल उपचारतज्ज्ञांच्या समोर येऊन बसल्यानंतरच तपासता येते, आणि ते तिथवर किती आठवड्यांनी, कोणाकोणाचे उंबरे झिजवून आणि कोणती तक्रार घेऊन पोहोचते, हे स्वरतंतू ठरवत नाहीत. मराठीचेच उदाहरण घेतले तर ही भाषा आवाज जाण्याच्या घटनेला दोन वेगळी क्रियापदे नव्हे, तर एकाच क्रियापदाचे दोन वेगळे कर्ते देते. सर्दीने, ओरडण्याने किंवा गार पाण्याने ‘घसा बसतो’, ‘आवाज बसतो’. भीतीने, धक्क्याने किंवा अकल्पित प्रसंगाने ‘वाचा बसते’. एकात कारण शरीराकडे सोपवलेले असते, दुसऱ्यात प्रसंगाकडे. मुलीला घेऊन आलेली आई यांपैकी कोणता प्रयोग करते आणि आजी कोणता करते, यातून त्या घराने लक्षणाचे कारण काय मानले आहे, याचा पहिला अंदाज येतो. वैद्यकीय मानवशास्त्रात याला स्पष्टीकरणाची चौकट म्हणतात : आजार कशामुळे झाला, तो किती गंभीर आहे, त्यावर कोणी आणि कोणता उपाय करावा, याविषयी रुग्णाच्या आणि त्याच्या माणसांच्या मनात असलेली सुसंगत कल्पना. दवाखान्यात मात्र ही दोन्ही वाक्ये केसपेपरवर उतरताना ‘लॉस ऑफ व्हॉइस, चार दिवस’ अशी एकच होऊन जातात. तपासणी सुरू होण्यापूर्वीच एक माहिती पुसली गेलेली असते आणि ती पुसली गेल्याची नोंदही कुठे राहत नाही.

प्रश्नावल्यांकडे वळले तर हीच उणीव निराळ्या रूपात दिसते. शालेय मुलांच्या आरोग्यवर्तनाचा जो बहुराष्ट्रीय अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने दर ४ वर्षांनी होतो, त्याच्या लक्षणसूचीत ८ तक्रारी आहेत : डोकेदुखी, पोटदुखी, पाठदुखी, उदास वाटणे, चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे आणि चक्कर. घसा, आवाज, गिळणे यांपैकी काहीही त्यात नाही. मुलांच्या आवाजामुळे होणारी अडचण मोजण्यासाठी २००७ मध्ये तयार झालेल्या २३ प्रश्नांच्या मापिकेत आवाजाविषयी प्रश्न आहेत, पण तिथे उत्तरे पालक देतात. ज्या वयात लक्षणाचा एक भाग पालकांपासून लपवलेला असू शकतो, त्याच वयाच्या मुलांसाठी पालकांचे उत्तर हे मूल्यमापनाचे मुख्य साधन ठरते.

संशयी : प्रश्नावल्यांची उणीव मान्य करता येईल, पण वाक्प्रचारांवर एवढा भार टाकणे धोक्याचे आहे. भाषेतली बहुतेक शरीरवाचक रूपके झिजून गेलेली असतात. ‘पोटात गोळा आला’ म्हणणाऱ्या मुलाच्या पोटात काही होत असतेच असे नाही, आणि ‘डोकं उठलं’ म्हणणारी मुलगी अर्धशिशीचे वर्णन करत असते असेही नाही. घशात आवंढा येण्याची जाणीव तर मराठीची मक्तेदारी नाही. रडू दाबताना घसा आवळतो ही शरीराची सार्वत्रिक गोष्ट आहे आणि कित्येक भाषांनी तिला आपापले शब्द दिले आहेत. अशा शब्दांवरून घराची विचारचौकट ओळखू पाहणारा तज्ज्ञ शेवटी आपल्याच अपेक्षा त्या घरावर लादतो.

यापेक्षाही मोठा आक्षेप पौर्वात्य माणूस मनाचे दुःख शरीरातून सांगतो, या लोकप्रिय समजुतीला आहे. आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधल्या हुनान प्रांतात मज्जादौर्बल्याचे निदान झालेले १०० रुग्ण तपासले आणि त्यांतील ८७ जणांना पाश्चात्त्य निकषांनुसार नैराश्य असल्याचे १९८२ मध्ये नोंदवले. या निष्कर्षाचा पुढे असा सोपा अर्थ काढला गेला की चिनी आणि भारतीय माणसांना भावना ओळखता येत नाहीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासाने या सोप्या अर्थाला हादरा दिला. त्यात प्राथमिक उपचारकेंद्रांत आलेल्या नैराश्यग्रस्त रुग्णांपैकी ६९ टक्के लोकांनी सुरुवातीला फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या, पण थेट विचारल्यावर मानसिक लक्षणे नाकारणारे केवळ ११ टक्के निघाले. शारीरिक तक्रार पुढे करण्याचे प्रमाण कुठे अधिक होते, तर जिथे रुग्णाचे एकाच डॉक्टरशी टिकाऊ नाते नव्हते तिथे. याचा अर्थ असा की ज्याला संस्कृती म्हटले जाते ते पुष्कळदा व्यवस्थेचे रूप असते. दर खेपेला नवा डॉक्टर आणि मागे लांबलचक रांग असेल, तर जगातला कोणताही मुलगा पोट दुखते असेच सांगेल.

आग्रही : हा आक्षेप योग्य ठिकाणी लागतो आणि तो स्वीकारल्यावर मूळ भूमिका अधिक नेमकी होते. संस्कृती ही मुलाच्या आत साठवलेली वस्तू आहे आणि तज्ज्ञांनी ती शोधून काढायची आहे, असे मानणे चूक आहे. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये काय सांगणे परवडते, याचा हिशेब प्रत्येक समाजात वेगळा असतो, आणि त्या हिशेबाला येथे संस्कृती म्हटले आहे. १९९६ मध्ये बंगळूरच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात हा हिशेब स्पष्ट दिसला : नैराश्याची लक्षणे जितकी तीव्र, तितकी लोकनिंदेची भीती अधिक आढळली, शारीरिक लक्षणांच्या बाबतीत मात्र हे नाते उलटे होते. त्या रुग्णांना भावना कळत नव्हत्या असे नाही. कोणत्या तक्रारीची सामाजिक किंमत किती मोजावी लागते हे त्यांना पक्के ठाऊक होते. लग्नाच्या बाजारात मुलीच्या नावापुढे ‘डोक्याचा त्रास’ लागणे आणि ‘घशाचा त्रास’ लागणे यांतला फरक महाराष्ट्रातल्या कोणत्याही आईला समजावून सांगावा लागत नाही.

अशा हिशेबाची विचारपूस पद्धतशीरपणे कशी करावी, याचे एक महत्त्वाचे साधन मुंबईत घडले आहे. मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या मुलाखतींतून स्पष्टीकरणाच्या चौकटींची प्रश्नसूची विकसित केली आणि १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेतही १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत आहे आणि शालेय व किशोरवयीन मुलांसाठी तिचा पूरक भागही आहे. त्यांचे सार चार साध्या प्रश्नांत मांडता येते : या त्रासाला घरात काय म्हणतात, तो कशाने झाला असे कोणाला वाटते, आतापर्यंत कोणाकोणाला दाखवले, आणि या त्रासामुळे काय करायचे राहून गेले. शेवटचा प्रश्न वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांसाठी विशेष मोलाचा आहे, कारण आवाज गेल्यामुळे तोंडी परीक्षा राहिली की सासरकडच्या लोकांशी फोनवर बोलणे राहिले, यावर पुढची सारी दिशा अवलंबून असते.

याशिवाय या व्यवसायाचा असा एक प्रश्न आहे जो मानसोपचारतज्ज्ञांना तितका भेडसावत नाही. डोकेदुखी मोजताना ‘प्रमाणित डोकेदुखी’ गृहीत धरावी लागत नाही. बोलणे मोजताना मात्र किती, कोणाशी, किती मोठ्याने आणि कोणत्या पट्टीत बोलणे सामान्य आहे, याची एक कल्पना तज्ज्ञांच्या कानात आधीच बसलेली असते. वडीलधाऱ्यांसमोर खाली मान घालून हळू बोलणारी मुलगी एका घरात सुसंस्कृत आणि दुसऱ्या घरात आजारी ठरते. घरी गोंडी किंवा भिली बोलणारा मुलगा आश्रमशाळेत आल्यावर मराठीच्या वर्गात महिनोन् महिने गप्प राहिला, तर ती नव्या भाषेसमोरची स्वाभाविक शांतता आहे की निवडक मौन, म्हणजे ठरावीक परिस्थितीत बोलताच न येण्याची चिंताजन्य अवस्था, हे त्याच्या मातृभाषेत तो कोणाशी कसा बोलतो हे पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही. वयात येताना मुलग्यांचा आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. तो उतरू शकत असूनही वरच्याच पट्टीत राहिला तर त्याला किशोरस्वराचा विकार म्हणतात, आणि कंठमण्यावर हलका दाब देताच खालचा सूर लागतो ही त्याची खूण. पण त्या मुलाला उपचारांसाठी कोण आणते, वर्गातली टिंगल की वडिलांची पुरुषपणाची कल्पना, आणि मुलाला स्वतःला कोणता आवाज आपला वाटतो, हे बोट कंठमण्यावर ठेवून समजत नाही.

संशयी : भाषेच्या आणि मौनाच्या बाबतीतला हा मुद्दा मान्य करावाच लागेल. द्विभाषिक मुलाची चाचणी त्याच्या दुबळ्या भाषेत घेणे ही सांस्कृतिक असंवेदनशीलता आहेच, पण त्याआधी ती सदोष मोजणी आहे. तरीही दोन गंभीर शंका उरतात.

पहिली शंका क्रमाची. एलियट स्लेटर यांनी १९६५ मध्ये लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या ‘हिस्टेरिया’चे निदान झालेल्या ८५ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला आणि त्यांतल्या पुष्कळांना नंतर शारीरिक आजार निघाल्याचे दाखवून वैद्यकविश्वाला जागे केले. २००५ मध्ये झालेल्या आढाव्यानुसार अशा चुकीच्या निदानांचे प्रमाण १९५० च्या दशकात २९ टक्के होते आणि १९७० च्या दशकापासून ते ४ टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. ही सुधारणा तपासणीच्या शिस्तीचे फळ आहे. भारतात तर घोगऱ्या किंवा बसलेल्या आवाजामागे स्वरयंत्राचा क्षयरोग असू शकतो, स्वरतंतूचा पक्षाघात असू शकतो, त्यावर वाढलेली गाठ असू शकते. घराच्या समजुती ऐकण्यात रमलेल्या तज्ज्ञांकडून दुर्बिणीची चिठ्ठी एक महिना उशिरा गेली, तर संस्कृतीचा आदर कोणाच्या पथ्यावर पडला? आणि समजा घरच्यांनी आधीच ‘बाहेरचं लागलंय’ असे ठरवले असेल, तर त्या स्पष्टीकरणाला मान देण्याच्या नादात मुलीला अंगारा-धुपाऱ्यात आणखी किती काळ अडकू द्यायचे?

दुसरी शंका अशी की किशोरांची संस्कृती म्हणजे घराची संस्कृती, हे गृहीतक आता टिकत नाही. २०११ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या ल रॉय या गावातल्या शाळकरी मुलींमध्ये झटके आणि अनैच्छिक उद्गार यांची लक्षणे एकीकडून दुसरीकडे पसरली, तेव्हा किमान त्या मुली एका गावातल्या होत्या. २०२० नंतरच्या महासाथीच्या काळात ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या देशांत किशोरवयीन मुलींमध्ये एकाएकी सुरू झालेली, एकमेकींसारखी अनैच्छिक बोलण्याची आणि हालचालींची लक्षणे आढळली, आणि त्यांचा संबंध समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींशी जोडला गेला. ज्या मुलीचे लक्षण तिच्या हातातल्या फोनवरून आले असेल, तिच्या आजीला ‘या त्रासाला घरात काय म्हणतात’ असे विचारून काय हाती लागणार?

आग्रही : क्रमाची शंका पूर्णपणे ग्राह्य आहे. दुर्बिणीची तपासणी आधी, हा नियम कोणत्याही सांस्कृतिक विचाराने शिथिल होता कामा नये. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या रांगेत उभ्या नाहीत. चिठ्ठी लिहून देताना चार प्रश्न विचारण्याने चिठ्ठी उशिरा जात नाही. उलट, घराचे स्पष्टीकरण माहीत नसेल तरच मुलगी तपासणीला पोहोचत नाही. ‘बाहेरचं लागलंय’ असे मानणाऱ्या आईला तिची समजूत खोटी आहे एवढेच ऐकवले तर ती मान डोलावून निघून जाते आणि परत येत नाही. तिचे ऐकून घेऊन, घशाच्या आत काय चालले आहे तेही एकदा पाहू या असे म्हटले, तर ती बहुधा येते. समजूत ऐकणे आणि समजुतीला दुजोरा देणे यांत फरक आहे.

फोनच्या संस्कृतीबद्दलचा मुद्दा तर सांस्कृतिक मूल्यमापनाची गरज वाढवतो. त्या मुलीच्या दोन संस्कृती आहेत आणि दोन्ही विचारायला हव्यात; आजीला घरातला शब्द, मुलीला पडद्यावर पाहिलेला शब्द. परदेशातल्या मराठी कुटुंबांत हे दुपेड सहज दिसते : मुलगा तज्ज्ञांना सफाईदार इंग्रजीत ‘अँग्झायटी’ असे निदान स्वतःच सांगतो, आणि शेजारी बसलेली आई मराठीत म्हणते की त्याचा घसा लहानपणापासूनच नाजूक आहे. यांतले कोणते खरे, असे विचारण्यापेक्षा एकाच लक्षणाला दोन पिढ्यांनी दोन पत्ते का दिले, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. आणि जिथे आईच दुभाषी बनते, तिथे मुलाचे उत्तर आईच्या चौकटीतून गाळून येते, म्हणून दुभाषी घराबाहेरचा हवा.

संशयी : येथे सर्वांत कठीण बाब समोर येते, कारण घराबाहेरचा माणूस हवा हे म्हणणे सोपे असले तरी मुलीला घराबाहेर काढून बोलणे हेच अनेक घरांच्या दृष्टीने संस्कृतीवरचे आक्रमण असते. ज्या लक्षणाला भाषेने ‘वाचा बसणे’ असे नाव दिले आहे, ते कधीकधी अक्षरशः तसे असते : मुलीवर अत्याचार झालेला असतो आणि तो करणारा तिच्या ओळखीचा असतो. कुटुंबाच्या स्पष्टीकरणाला अग्रस्थान देणारी कोणतीही पद्धत अशा वेळी गुन्हेगाराच्या स्पष्टीकरणालाही अग्रस्थान देण्याचा धोका पत्करते. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायद्याने, म्हणजे पोक्सोने, अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन घातले आहे. तेव्हा उपचारतज्ज्ञांनी ‘तू सांगशील ते आपल्यातच राहील’ असे आश्वासन मुलीला देणे कायद्यानेही खोटे आणि नीतीनेही खोटे ठरते.

आग्रही : हे आश्वासन देऊ नये, हेच बरोबर आहे, गुप्ततेची मर्यादा मुलीने काही सांगण्यापूर्वीच तिला सांगायला हवी. किशोरवयीन मुलांशी काही वेळ एकट्याने बोलणे हा मूल्यमापनाचा नित्याचा भाग आहे, असे पहिल्या भेटीतच कुटुंबाला समजावले, तर तो एखाद्या संशयामुळे घेतलेला निर्णय वाटत नाही. कुटुंबाचे ऐकणे म्हणजे कुटुंबाला एकमुखी मानणे असा अर्थ घेतला, तरच आपला आक्षेप लागू होतो. घरात कोण कोणाच्या वतीने बोलते, कोणाचे वाक्य कोण पूर्ण करते, कोणी आत येताच मुलीची कुजबुज आणखी खाली जाते, हे ऐकण्याचे प्रशिक्षण ज्यांना असते ते वाचा-भाषा उपचारतज्ज्ञच. मात्र प्रत्येक बसलेल्या वाचेमागे अत्याचार शोधणे ही देखील एक साचेबंद कल्पना आहे. पुष्कळ मुलांच्या बाबतीत साधी सर्दी होते, घसा दुखतो, बोलताना स्नायू आवळले जातात, परीक्षा जवळ असते, आणि सर्दी गेली तरी आवळलेपण राहते. त्याहून खोल रहस्य असलेच पाहिजे असा हट्ट धरला तर मूल आणि आईवडील दोघेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात.

संशयी : मग निदान सांगायचे कोणत्या शब्दांत? ‘कार्यात्मक’ हा शब्द कोणत्याही आईला काही सांगत नाही. ‘मानसिक’ म्हटले की घराला ‘वेड’ ऐकू येते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हटले की बाप मुलीकडे वळून ‘मग नाटक कशाला करतेस?’ असे विचारतो. आणि घराला रुचावे म्हणून ‘घसा बसलाय, व्यायामाने सुटेल’ असे म्हटले, तर ते निम्मे सत्य आहे. पुढच्या खेपेला तीच मुलगी पुन्हा आवाज गमावते आणि घरचे औषधाच्या दुकानातून प्रतिजैविक आणून देतात. आपल्या पद्धतीने घराची भाषा शिकून घेतल्यावर त्या भाषेत खरे बोलायला जागाच उरत नसेल, तर तिचा उपयोग काय?

आग्रही : जागा अरुंद आहे, पण आहे. कार्यात्मक संवादविकारांच्या वाचा-भाषा उपचारांविषयी तज्ज्ञांच्या सहमतीने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींचा कल निदान नकारातून न मांडता खुणेतून मांडण्याकडे आहे : काय सापडले नाही याची यादी वाचण्यापेक्षा काय सापडले ते दाखवावे. मुलीला खोकायला सांगावे, त्या खोकल्यातला आवाज आईला ऐकवावा, मग तोच सूर ‘म्’मध्ये लांबवून घ्यावा आणि म्हणावे की हा आवाज तिच्याकडे आहे, यंत्र शाबूत आहे, बोलायला जाताना स्नायू आवळले जात आहेत आणि ते तिच्या हातात राहिलेले नाही. यात ना वेड आहे ना नाटक, आणि खोटेही काही नाही. दवाखान्याचा शब्द आणि घराचा शब्द यांच्यामध्ये येथे कानाने ऐकता येणारा पुरावा उभा राहतो.

संशयी : आणि हाच पुरावा मुलीच्या अंगावर उलटतो. कार्यात्मक आवाजलोपात कित्येकदा आवाज पहिल्याच भेटीत किंवा थोड्याच भेटींत परत येतो. उपचारतज्ज्ञांच्या दृष्टीने हे मोठे यश. घराच्या दृष्टीने मात्र जे तीन आठवडे गेले आणि अर्ध्या तासात परत आले, ते मुळात गेलेच नव्हते. झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, या म्हणीवर वाढलेल्या समाजात जी इतक्या सहज जागी झाली तिचे ते सोंगच होते, असा निवाडा होतो. उपचार जितका परिणामकारक, तितकी मुलीची पत घसरते. संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांना हे आधी कळते, पण कळूनही ते उपचार लांबवू शकत नाहीत, कारण घराचा विश्वास टिकावा म्हणून मुलीला मुद्दाम मुकी ठेवणे अनैतिक आहे.

आग्रही : हा पेच खरा आहे आणि कोणत्याही प्रश्नसूचीत त्याचे उत्तर नाही. आवाज परत येण्यापूर्वीच, असे लवकर होऊ शकते आणि तसे झाले तर ते आजार खरा असल्याच्या विरुद्ध जात नाही, हे घराला सांगून ठेवणे एवढी खबरदारी घेता येते. पायाला मुंग्या आल्यावर उठता येत नाही आणि मिनिटभरात चालता येते, म्हणून आधीचे न उठणे खोटे ठरत नाही. असा दाखला आजीलाही पटतो. पण त्यापुढे प्रश्न उरतोच. आवाज परत आला, मुलगी शाळेत गेली, आणि तिला जे बोलायचे होते ते अद्याप बोलता येत नसेल, तर वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांचे काम संपले का? या व्यवसायाच्या नावात वाचा आहे, नुसता आवाज नाही. त्यामुळे केसपेपरवर ‘लॉस ऑफ व्हॉइस’च्या शेजारी आईचे वाक्य आईच्याच शब्दांत लिहून ठेवणे आणि शेवटच्या भेटीत त्या वाक्याकडे परत वळणे, एवढे तरी कर्तव्य मानले पाहिजे.

संशयी : या मागणीत एक व्यावहारिक अडचण आहे आणि तीच कदाचित या सगळ्या चर्चेचे टोक आहे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातला केसपेपर बहुधा रुग्णाबरोबर घरी जातो. त्यावर ‘वाचा बसली’ असे लिहिले, तर ते संध्याकाळी घरातले सगळे वाचतात, आणि ज्याच्यामुळे वाचा बसली असेल तोही वाचतो. ‘लॉस ऑफ व्हॉइस’ हे जे शब्द आपल्याला पुसून टाकणारे वाटतात, तेच तिथे मुलीचे कवच ठरू शकतात. त्यामुळे आवाजाचे काम पूर्ण करून, वाचेचा भाग नोंद न करता, योग्य त्या समुपदेशकाकडे मुलीला पाठवणे हीच मर्यादा आणि हीच माणुसकी नाही का?

आग्रही : त्या कागदावर काय लिहू नये याबद्दल आपले म्हणणे योग्य आहे, ती नोंद विभागातच राहणाऱ्या वहीत व्हायला हवी आणि तिचा ताबा कोणाकडे असावा हेही ठरायला हवे. पण न लिहिणे आणि न विचारणे यांची गल्लत झाली की कवचाचेच कुलूप होते. ज्या तालुक्यात समुपदेशक आठवड्यातून एखादा दिवसच येतो, तिथे ‘पुढे पाठवले’ या शेऱ्याचा अर्थ अनेकदा ‘कोणीच विचारले नाही’ असा होतो. आवाज कोणी परत आणायचा आणि कोणत्या क्रमाने, याबद्दल आता दोन्ही बाजूंत मतभेद उरलेला नाही. उरला आहे तो प्रश्न असा : ज्या माणसासमोर मुलीच्या तोंडून पहिला नाद बाहेर पडला, त्या माणसाने पुढचे वाक्य ऐकायला थांबायचे, की ते ऐकण्याची तयारी, वेळ आणि सुरक्षित खोली आपल्याकडे नाही हे ओळखून दार हलकेच लावून घ्यायचे? थांबण्यात जबाबदारी आहे, निघण्यातही आहे, आणि कोणती जबाबदारी कोणत्या मुलीच्या वाट्याला यावी हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलीला कसा द्यायचा, हे दोन्ही बाजूंना अजून शिकायचे आहे.